थेंब तरंगला म्हणून काय झालं?

वाचकाचं पत्र

मी 23 वर्षांची आहे. वजन 49 किलो, रक्तगट ओ पॉझिटिव्ह. गेल्या वर्षी 14 जूनला कॉलेजच्या शिबिरात पहिल्यांदा रक्तदान केलं. सकाळी होस्टेलवरून नुसता चहा आणि दोन बिस्किटं खाऊन निघाले होते. नंबर लागेपर्यंत साडेबारा वाजले. रक्त देताना काहीच त्रास झाला नाही, पण प्रमाणपत्र घेऊन फोटोसाठी उभी राहिले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वीस मिनिटं झोपवून ठेवलं. कोपरात आठवडाभर काळानिळा डाग होता. तरी या जानेवारीत ऑफिसातल्या शिबिरात धीर करून गेले, तर बोटातला थेंब निळ्या पाण्यात तरंगला. मशिनवर हिमोग्लोबिन 11.9 आलं. ‘रक्त कमी आहे, घेता येणार नाही’ एवढंच सांगून परत पाठवलं. आई म्हणते, एकदा दिलंस, पुण्य पदरात पडलं, आता पुरे. मैत्रीण म्हणते, शिबिरातलं रक्त वाया जातं नाहीतर विकतात. मला मनापासून नियमित रक्तदान करायचंय. जमेल का? धाकटा भाऊ 19 वर्षांचा आहे, तोही विचारतोय. ता. क. मैत्रिणीच्या लग्नासाठी पुढच्या महिन्यात नाक टोचून घेणार आहे. चालतं ना?

— एक वाचक, पुणे

उत्तर

जमेल. फक्त लगेच नाही, आणि दर चार महिन्यांनीही नाही. तुमच्या वजनाला आणि आजच्या हिमोग्लोबिनला वर्षातून दोन वेळा, आधी ठरवलेल्या तारखांना, एकाच रक्तपेढीत जाऊन दिलेलं रक्त पुष्कळ झालं. ‘नियमित’ म्हटलं की लोकांना शंभर वेळा रक्तदान करून सत्कार झालेली माणसं आठवतात आणि आपल्याला हे झेपणार नाही असं वाटतं. रक्तपेढीला हवी असतात ती मे महिन्यात फोन केल्यावर ‘येते’ म्हणणारी माणसं. पहिल्यांदा रक्त देणारे पुष्कळ मिळतात. त्यांतले बरेचसे दुसऱ्यांदा येत नाहीत, आणि न येण्याची कारणं बहुतेक तुमच्या पत्रात आहेत तीच असतात: चक्कर आली, डाग पडला, किंवा परत पाठवलं आणि पुढे काय करायचं ते कोणी सांगितलं नाही. तिन्हींवर उपाय आहेत.

आधी चक्कर. ती तुमच्या अशक्तपणामुळे आली नाही. तुमच्या अंगात साधारण 3200 मिलिलिटर रक्त आहे (बाईच्या शरीरात किलोमागे ढोबळमानाने 65 मिली धरतात). त्यातून 350 मिली काढलं म्हणजे अकरा टक्के गेलं. सत्तर किलोच्या पुरुषाच्या अंगात 4900 मिलीच्या आसपास रक्त असतं, त्याची तेवढीच पिशवी सात टक्क्यांत बसते. नियमाने 45 किलोच्या पुढे 350 मिली घेता येतं आणि ते सुरक्षितही आहे, पण कमी वजनाच्या माणसाच्या हाताशी राखीव थोडं असतं. त्या दिवशी तुम्ही जवळजवळ उपाशी होतात, जूनच्या उकाड्यात दोन-तीन तास ताटकळलात, पाणी प्यायला नव्हतात आणि पहिलीच वेळ असल्यामुळे मनात थोडी धाकधूक असणार. एवढं सगळं असताना झटकन उभं राहिलं की रक्त पायांकडे उतरतं, हृदयाचे ठोके वाढण्याऐवजी उलट मंदावतात, दाब पडतो आणि मेंदूला क्षणभर पुरवठा कमी होतो. घाम फुटणं, जांभया येणं, कानात गुणगुणणं, ओठ पांढरे पडणं ही त्याची आधीची चिन्हं. खाटेवर असताना काही होत नाही आणि खाट ते चहाचं टेबल या दहा पावलांत माणूस पडतो, हे शिबिरात काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. फोटोसाठी घाई करणं म्हणूनच चुकीचं आहे. हा दोष तुमचा नाही. तुम्हाला झोपवून ठेवायला हवं होतं आणि प्रमाणपत्र तिथेच आणून द्यायला हवं होतं.

पुढच्या वेळी असं करा. आदल्या रात्री नीट झोपा, सातेक तास तरी. सकाळी पोटभर खा: पोहे, उपमा, थालीपीठ, पोळीभाजी, जे रोज खाता ते. फार तेलकट नको, कारण खूप चरबी असलेल्या जेवणानंतर प्लाझ्मा (रक्तातला पातळ, पिवळसर भाग) दुधाळ दिसतो आणि कधीकधी टाकून द्यावा लागतो. खाणं आणि रक्तदान यांत चार तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका. नंबर लांबला तर पुन्हा काहीतरी खा, त्यात संकोच नको. संकष्टी, श्रावणी सोमवार, नवरात्र असा उपवास असेल तर त्या दिवशी जाऊच नका, दुसऱ्या दिवशी जा. सुई टोचण्याआधी अर्ध्या तासात दोन मोठे ग्लास, म्हणजे अर्धा लिटर पाणी प्या. हे फार साधं वाटतं, पण पाणी पोटात गेलं की शरीर रक्तवाहिन्या आवळून दाब वर ठेवतं, आणि हा परिणाम नेमका त्या अर्ध्या-पाऊण तासापुरता टिकतो. म्हणून सकाळीच लिटरभर पिऊन निघालात तर त्याचा तितका उपयोग नाही. सोबत काही खारट खाल्लंत तर उत्तम. दाण्याची मूठ, चिवडा, ताकात मीठ.

खाटेवर पडलात की नोंद घेणाऱ्या तंत्रज्ञांना सांगा, ‘मागच्या वेळी चक्कर आली होती’. हे लपवू नका. ते तुम्हाला सपाट झोपवतील, पाय थोडे उंच ठेवतील आणि लक्ष ठेवतील. रक्त जात असताना एक व्यायाम करायचा: पायाची आढी घाला, मांड्या आणि नितंबांचे स्नायू पाच सेकंद घट्ट आवळा, सोडा, पाच सेकंद थांबा, पुन्हा आवळा. श्वास रोखायचा नाही. पायातलं रक्त वर ढकललं जातं आणि दाब पडत नाही. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं लागतात, तेवढा वेळ गप्पा मारा, नळीकडे बघत बसू नका. सुई काढल्यावर दहा-पंधरा मिनिटं आडवं राहा, मग पाय खाली सोडून दोन मिनिटं बसा, मग उभं राहा. सरबत, बिस्किटं घेऊन अजून दहा मिनिटं तिथेच बसा. चक्कर घरी जाताना बसमध्ये, बाथरूममध्ये किंवा रात्री गरम पाण्याने अंघोळ करतानाही येऊ शकते, म्हणून त्या दिवशी स्वतः गाडी चालवत लगेच निघू नका, उभ्याने लांबचा प्रवास टाळा, जिम बुडवा. घेरी येतेय असं वाटलं तर जिथे आहात तिथे जमिनीवर बसा किंवा आडवं व्हा. ‘जरा धरून चालते’ म्हणत चार पावलं टाकणारेच पडून कपाळ फोडून घेतात.

डाग कशाने पडला तेही सांगतो. सुई काढल्यावर तुम्हाला कापूस देऊन हात कोपरात दुमडायला सांगितलं असेल. तसं करू नये. हात दुमडला की कापूस शिरेवरून सरकतो आणि हात उघडताना छिद्र पुन्हा मोकळं होतं. हात सरळ ठेवायचा, थोडा वर धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी सलग पाच मिनिटं दाबून ठेवायचं, मधेमधे उचलून ‘थांबलं का’ बघायचं नाही. पट्टी चार-सहा तास राहू द्या. त्या हाताने पुढचे बारा तास बादली, गॅसची टाकी, जड बॅग उचलू नका. डाग पडलाच तर पहिल्या दिवशी बर्फ कापडात गुंडाळून दहा-दहा मिनिटं, दुसऱ्या दिवसापासून कोमट शेक. निळा, हिरवा, पिवळा असा रंग बदलत आठ-दहा दिवसांत तो जातो. सुई टोचताना बोटांपर्यंत विजेसारखी कळ गेली, किंवा नंतर हात मुंग्या येऊन सुन्न झाला, तर मात्र तिथल्या तिथे सांगा. ते शीर सोडून मज्जातंतूला (नर्व्हला) धक्का लागल्याचं लक्षण असतं आणि सुई लगेच काढावी लागते.

आता तो थेंब. निळं पाणी म्हणजे मोरचुदाचं द्रावण. ते नेमकं इतकं घट्ट बनवलेलं असतं की 100 मिलीमागे 12.5 ग्रॅम किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन असलेलं रक्त त्यात बुडतं. थेंब पडला की तो आधी वेगाने दोन-तीन सेंटिमीटर खाली जातो, क्षणभर थबकतो, आणि मग ठरतं. जड असेल तर एखाद्या मण्यासारखा सरळ तळाला जातो, हलका असेल तर वर येऊन तरंगतो. पंधरा सेकंदांचा खेळ. ही पद्धत जुनी आणि स्वस्त आहे, पण चुकू शकते: बोट पिळून काढलं तर रक्तात ऊतींमधलं पाणी मिसळतं, थेंबात हवेचा बुडबुडा राहतो, किंवा त्याच बाटलीत खूप जणांचे थेंब पडून द्रावण पातळ झालेलं असतं. म्हणून थेंब तरंगला की मशिनवर पुन्हा बघतात, तसं तुमचं बघितलं आणि 11.9 आलं. तो निर्णय बरोबर होता.

पण ‘रक्त कमी आहे’ हे वाक्य अपुरं होतं. 12.5 ही रक्तदानासाठीची रेषा आहे. बाईच्या बाबतीत ॲनिमिया म्हणायचा तो 12च्या खाली. म्हणजे एखादीचं 12.2 आलं तर ती आजारी नाही, फक्त आज देऊ शकत नाही. तुमचं 11.9 म्हणजे काठावरून जरा खाली. घाबरण्याजोगं काही नाही, पण सोडून देण्यासारखंही नाही. आधी सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीची) तपासणी करा आणि डॉक्टरांना सांगून सिरम फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा बघा. हिमोग्लोबिन म्हणजे खिशातले पैसे आणि फेरिटिन म्हणजे बँकेतली शिल्लक. खिशात असेपर्यंत शिल्लक संपल्याचं कळत नाही. पाळीत रक्तस्राव जास्त होतो का, सात दिवसांच्या पुढे जातो का, हेही डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. तरुण मुलींमध्ये लोह कमी होण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच असतं. सीबीसीच्या कागदावर एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) हा आकडा फार कमी असेल आणि फेरिटिन मात्र चांगलं असेल, तर थॅलेसेमिया मायनर (हिमोग्लोबिन नीट न बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा सौम्य प्रकार) आहे का याची तपासणी करायला सांगतील. ती एकदाच करावी लागते आणि लग्नाआधी झालेली बरी.

लोहाचा हिशोब एकदा मांडून बघा, म्हणजे पुढचं आपोआप पटेल. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये 3.4 मिलिग्रॅम लोह असतं. 12.5 हिमोग्लोबिनच्या 350 मिली रक्तात सुमारे 44 ग्रॅम हिमोग्लोबिन, म्हणजे 150 मिलिग्रॅम लोह गेलं. आपल्या नेहमीच्या जेवणातून शरीर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅमच शोषून घेतं, आणि त्यातलं बरंचसं रोजच्या झिजेत आणि पाळीत खर्च होतं. रोज एक मिलिग्रॅम शिलकीत टाकायचं म्हटलं तरी दीडशे दिवस झाले. बायकांसाठी दोन रक्तदानांत 120 दिवसांचं अंतर सांगितलंय (पुरुषांना 90), ते कमीत कमी अंतर आहे. त्याआधी घ्यायचं नाही एवढाच त्याचा अर्थ. तुम्ही सहा महिने धरा.

शिल्लक भरायची कशी? डॉक्टरांनी लोहाची गोळी दिली तर तीन महिने न चुकता घ्या. हिमोग्लोबिन महिन्या-दीड महिन्यात वर येतं, आणि आकडा बघून गोळी बंद केली की साठा रिकामाच राहतो, हीच चूक सगळ्यात जास्त होते. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. दूध, चहा, कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको. पोटात मळमळलं किंवा कडक शी होऊ लागली तर डॉक्टरांना विचारून एक दिवसाआड घेता येते, शोषण त्यानेही चांगलं होतं. शी काळी होते, त्याला घाबरू नका.

जेवणाबद्दल बरेच गैरसमज आहेत. बीट आणि डाळिंब लाल आहेत म्हणून रक्त वाढवतात, असं घरोघरी सांगतात. खायला चांगलीच आहेत, पण त्यांत लोह फारसं नाही. पालकात आहे, पण त्यातलं अंगाला थोडंच लागतं. मोड आलेली मटकी, हरभरा, मसूर, चवळी, राजगिरा, तीळ, अळिवाचे लाडू यांचा उपयोग जास्त, आणि त्यावर लिंबू पिळलं किंवा सोबत आवळा, पेरू खाल्ला तर त्याच ताटातून दुप्पट लोह मिळू शकतं. मांसाहार चालत असेल तर मटण, कलेजी आणि मासे यांतलं लोह थेट शोषलं जातं. आमटी, टोमॅटोची भाजी लोखंडी कढईत करा, आंबटपणाने कढईतलं लोह पदार्थात उतरतं. आणि एक गोष्ट सगळ्यात महत्त्वाची: जेवण झालं की लगेच चहा घेण्याची सवय असेल तर तो तासाभराने घ्या. चहातला तुरटपणा लोह धरून ठेवतो आणि तसंच बाहेर नेतो. पत्रात चहा-बिस्किटांचा उल्लेख आहे म्हणून हे मुद्दाम सांगतो आहोत.

आईंना काय सांगायचं ते यात आलंच. रक्तातला पाण्याचा भाग एक-दोन दिवसांत भरून येतो, लाल पेशी चार ते आठ आठवड्यांत, लोह त्याहून उशिरा. त्यांची काळजी अगदी चुकीची नाही. मुलीचं हिमोग्लोबिन 11.9 असताना तिने रक्त द्यायचा हट्ट धरू नये, हे आम्हीही म्हणतो. त्यांना सोबत घेऊन तपासणीला जा, तीन महिन्यांनी नवा आकडा दाखवा. 13च्या पुढे गेलेला कागद हातात पडला की बोलणं सोपं होतं. आणि पुण्य एकदाच लागतं या म्हणण्याबद्दल: थॅलेसेमियाच्या गंभीर प्रकारातल्या मुलाला दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. तीन आठवडे धरले तरी वर्षाला सतरा वेळा, आणि तेही जन्मभर. विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलचे (लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होण्याच्या आनुवंशिक आजाराचे) रुग्ण आहेत. बाळंतपणात अंगावरून अति रक्त गेलं तर तासाभरात चार पिशव्या लागू शकतात. हे सगळं एकदाच येणाऱ्या दात्यांवर कसं चालेल?

मैत्रिणीच्या म्हणण्यात मात्र तथ्य आहे, निदान अर्ध्यात. रक्त वाया जातं. का जातं ते कॅलेंडरवर बघा. 14 जूनला गोळा झालेल्या पिशवीतून लाल पेशी आणि प्लाझ्मा वेगळे करतात, मोठ्या पिशवीतून बहुधा प्लेटलेट (रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी) ही. प्लेटलेट पाचच दिवस टिकतात, म्हणजे 19 जूनला संपल्या. लाल पेशी साध्या पिशवीत 35 दिवस, म्हणजे 19 जुलै, आणि टिकवण्याचं जादा द्रावण असलेल्या पिशवीत 42 दिवस, म्हणजे 26 जुलै. वर्षभर उरतो तो फक्त उणे 30 अंशांखाली गोठवलेला प्लाझ्मा. आता सप्टेंबरात डेंग्यूची साथ आली तर जूनच्या त्या भल्या मोठ्या शिबिरातली एकही प्लेटलेट कामाला येत नाही. आपल्याकडे शिबिरं कधी होतात? 26 जानेवारी, शिवजयंती, 14 जूनचा रक्तदाता दिन, 15 ऑगस्ट, नेत्यांचे वाढदिवस. आणि तुटवडा कधी पडतो? एप्रिल-मेमध्ये, कारण परीक्षा असतात, कॉलेजं बंद होतात, लोक गावी जातात. दिवाळीतही तेच. एका दिवशी हजार पिशव्या आणि पुढचे दीड महिने काही नाही, हा उत्साह रक्तपेढीला नकोसा असतो. तेच हजार जण वर्षभर विभागून आले तर मुदत संपून फारशा पिशव्या वाया जाणार नाहीत. मंडळाच्या कार्यकर्त्यांनी हा विचार करावा असं आम्हाला फार वाटतं: शिबिर घेण्याआधी रक्तपेढीला विचारा, ‘किती पिशव्या आणि कोणत्या आठवड्यात हव्यात?’

विकण्याबद्दल. रक्ताची किंमत घेता येत नाही, प्रक्रियेचा खर्च घेता येतो, आणि 2023च्या अखेरीस केंद्रीय औषध नियंत्रकांनी हे सगळ्या राज्यांना पुन्हा बजावलं. लाल पेशींच्या पिशवीला जास्तीत जास्त 1550 रुपये, प्लाझ्मा किंवा प्लेटलेटच्या पिशवीला 400 रुपये. जादा तपासण्यांचं शुल्क वेगळं असू शकतं. या पैशांत पिशवी, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस (एक गुप्तरोग) आणि मलेरिया या पाच सक्तीच्या तपासण्या, घटक वेगळे करणं, साठवण आणि क्रॉसमॅच (रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का ते बघणं) येतं. थॅलेसेमिया, सिकलसेल, हिमोफिलिया (रक्त नीट न गोठण्याचा आजार) यांच्या रुग्णांना मोफत आणि बदली दाता न मागता द्यायचं असं धोरण आहे. कोणी याहून जास्त मागत असेल तर पावती मागा आणि अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. पैसे घेऊन रक्त देण्याचा धंदा देशात 1 जानेवारी 1998पासून बंद झाला, सर्वोच्च न्यायालयाच्या 1996च्या निकालामुळे. तेव्हापासून ती जागा दोनच प्रकारच्या माणसांनी भरून निघते: स्वेच्छेने येणारे, आणि ऑपरेशनच्या दारात ‘आधी दाता आणा’ म्हटल्यावर धावणारे नातेवाईक. नातेवाईक दडपणाखाली येतो आणि आपला आजार, सवयी सांगायला कचरतो. नियमित दात्याचं रक्त दर वेळी तपासलेलं असतं, त्याला प्रश्नावली पाठ झालेली असते आणि खरं बोलायला त्याला कोणाची भीड नसते. म्हणून ते जास्त भरवशाचं.

खरं बोलण्यावर एवढा भर का, ते नीट समजून घ्या. संसर्ग झाल्यानंतर काही दिवस ते काही आठवडे तपासणीत दिसत नाही. त्या काळात दिलेलं रक्त ‘निगेटिव्ह’ येऊनही रुग्णाला धोका असतो. आपल्याला काही झालंय का हे कळावं म्हणून कोणीही रक्तदान करू नये. त्यासाठी सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीत (एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात) मोफत आणि गुप्त तपासणी होते. भेटवस्तूचं आमिष दाखवणाऱ्या शिबिरांना आमचा विरोध याच कारणाने आहे. डबा किंवा हेल्मेट मिळणार असेल तर माणूस ‘गेल्या महिन्यात कावीळ झाली होती’ हे गिळून टाकतो.

आता तुमची आखणी. हिमोग्लोबिन 12.5च्या वर गेलं, आणि जमल्यास 13पर्यंत, की घराजवळची किंवा ऑफिसजवळची एक रक्तपेढी निवडा, शक्यतो मोठ्या रुग्णालयाची, जिथे रक्त रोज लागतं. तिथल्या जनसंपर्क अधिकाऱ्यांना किंवा समाजसेवा अधीक्षकांना भेटून सांगा: ओ पॉझिटिव्ह, 49 किलो, मागे चक्कर आली होती, मे महिन्यात आणि दिवाळीच्या आसपास येऊ शकते. हे एवढं वाक्य त्यांच्यासाठी मोलाचं आहे. तुमच्या लाल पेशी कोणत्याही पॉझिटिव्ह गटाच्या रुग्णाला चालतात, त्यामुळे तुमच्या गटाला मागणी कायम असते. (गट कोणताही निघाला तरी रक्तपेढी उलट बाजूनेही, म्हणजे प्लाझ्मा तपासून, पडताळणी करते. बॉम्बे ब्लड ग्रुप हा दुर्मीळ गट साध्या चाचणीत ओ म्हणूनच दिसतो. 1952 साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे यांनी तो शोधला, म्हणून ते नाव. दात्याच्या कार्डावर गट पडताळून लिहिला आहे ना, एवढं बघा.)

जाण्याच्या आदल्या दिवशी फोन करा: ‘ओ पॉझिटिव्हचा साठा कसा आहे, उद्या येऊ का?’ भरपूर असेल तर दोन आठवडे थांबा. ई-रक्तकोश या सरकारी पोर्टलवर जिल्ह्यातल्या पेढ्यांमधला गटवार साठा दिसतो, पण फोन जास्त खात्रीचा. सकाळी दहा-साडेदहाला जा, मेमध्ये तर नक्कीच, ओळखपत्र न्या, तासभर हाताशी ठेवा. रक्त दिल्यावर त्याच संध्याकाळी भिंतीवरच्या कालनिर्णयावर 120 दिवसांनंतरची तारीख लिहा. 10 मेला दिलंत तर 7 सप्टेंबर. ती ‘याआधी नाही’ची तारीख, आणि दिवाळीजवळचा एक शनिवार ही जाण्याची. मधल्या काळात एकदा हिमोग्लोबिन बघून घ्या. व्हॉट्सॲपवर ‘ओ पॉझिटिव्ह तातडीने हवे’ असे संदेश येतील. तारीख आणि रुग्णालयाचं नाव नसलेला संदेश पुढे ढकलू नका, असेल तर आधी तिथल्या रक्तपेढीला फोन करून विचारा. आणि मनाशी एक गोष्ट पक्की असू द्या: दिलेलं रक्त तपासून, घटक करून, क्रॉसमॅच होऊन रुग्णाच्या हातात जाईपर्यंत काही तास जातात. अपघाताच्या रात्री उपयोगी पडतं ते आठवड्यापूर्वी कोणीतरी शांतपणे देऊन गेलेलं.

कधी थांबायचं हेही लिहून ठेवा, म्हणजे हेलपाटा होणार नाही. पाळीचे दिवस टाळा. अँटिबायोटिकचा शेवटचा डोस घेतल्यावर दोन आठवडे. मलेरिया बरा झाल्यावर तीन महिने, डेंग्यूनंतर सहा महिने, टायफॉइडनंतर वर्ष. दात काढला तर सहा महिने. बाळंतपणानंतर वर्षभर, आणि अंगावर पाजत असाल तोपर्यंत नाहीच. परत पाठवलं तर दोनच प्रश्न विचारायचे: ‘कारण काय आणि कोणत्या तारखेनंतर येऊ?’ तारीख सांगितली म्हणजे तुम्ही दाता आहातच, फक्त रजेवर.

यातच तुमचा ताजा कलम येतो. टॅटू, कान-नाक टोचणं, यांनंतर 12 महिने रक्त देता येत नाही, कारण सुई स्वच्छ होती की नाही हे कोणी सांगू शकत नाही. (मेंदीला काही हरकत नाही, ती त्वचेच्या आत जात नाही.) तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. मैत्रिणीच्या लग्नात नाक न टोचताच जा आणि मे महिन्यातलं रक्तदान आटोपून मग टोचा, तोवर हिमोग्लोबिन चढलेलं असेल. मग पुढचं रक्तदान पुढच्या वर्षीच्या मेनंतर. किंवा आत्ताच टोचा आणि हे वर्ष लोहाची शिल्लक भरण्यात घालवा. आम्हाला दुसरी वाट बरी वाटते. तुमचं फेरिटिन कमी निघालं तर वर्षभराची सवड तशीही हवीच होती, आणि लग्नात नाक टोचून मिरवायची हौसही राहून जाणार नाही.

त्या वर्षात भावाला घेऊन जा. 19व्या वर्षी, वजन 45च्या वर आणि हिमोग्लोबिन 12.5 असेल तर तो देऊ शकतो, 55च्या वर वजन असेल तर 450 मिलीही. तरुण वय आणि पहिली वेळ, म्हणजे चक्कर येण्याचा संभव त्यालाही आहे. शिबिराची गर्दी नसलेल्या एखाद्या साध्या मंगळवारी रक्तपेढीतच न्या. निघण्याआधी त्याने पोहे संपवलेत का ते बघा, पाण्याची बाटली तुमच्या पिशवीत ठेवा, खाटेशेजारी उभ्या राहा, मांड्या आवळायची आठवण करा. आणि सुई निघाल्यावर त्याने मोबाइलसाठी हात पुढे केला, तर फोटो त्याला आडवाच ठेवून काढा.